किनाऱ्यावरची मासळी : नाव आणि ओळख

सिंधुदुर्गच्या एखाद्या किनाऱ्यावर सकाळच्या वेळी रापणीचे जाळे ओढून वाळूवर आणले जाते, तेव्हा त्याच्या खोळीत समुद्राचा एक छोटासा नमुनाच आलेला असतो. बांगडे असतात, तारली-पेडवे असतात, वाळूच्या रंगाचे मुडदुशे असतात, काटेरी म्हणून बदनाम झालेली पण चवीला उत्तम अशी करली असते. मध्येच एखादे पाकट शेपूट आपटीत असते आणि एखादा केंड पोट फुगवून पडलेला असतो. पाहणाऱ्या पाहुण्याला तो केवळ चमचमणारा ढीग वाटतो. परंतु गाबीत किंवा कोळी समाजातील एखादी अनुभवी स्त्री त्या ढिगाशी बसली, की काही मिनिटांत त्याचे आठ-दहा वाटे पडतात. तिचे हात कोणत्याही पुस्तकाच्या आधाराशिवाय मासा ओळखीत असतात. काय पाहून ती ओळखते, असे विचारले तर तिला लगेच सांगता येईलच असे नाही. तथापि तिच्या नजरेला ज्या खुणा दिसतात, त्या प्रत्येक माशाच्या अंगावर असतात आणि थोड्या सरावाने त्या कोणालाही वाचता येतात.

ही ओळख केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. कोणता मासा पकडावा, कोणता सोडावा, कोणता विकत घ्यावा आणि कोणत्याला हातही लावू नये, हे सारे आता त्या ओळखीवर अवलंबून आहे.

प्रथम नावांचा प्रश्न. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोली बदलत जाते, आणि बोलीबरोबर माशांची नावेही. मुंबईच्या बाजारात जी सुरमई, तीच दक्षिणेकडे ईसवण किंवा विसवण होते. रायगडात ज्याला जिताडा म्हणून मान आहे, तोच सिंधुदुर्गात आणि गोव्यात चोणक या नावाने ताटात येतो. मुंबईतील मुशी मालवणात मोरी होते. हे झाले एका माशाला अनेक नावे असण्याचे. त्याहून अडचणीचा प्रकार म्हणजे एका नावाखाली वेगवेगळे मासे येणे. उत्तरेकडील कोळीवाड्यांत सरंगा म्हटले की पांढरे पापलेट समजतात. दक्षिणेकडे मात्र सरंगा मागितला असता हलवा पुढे ठेवला जातो. इंग्रजी नावांनी तर गोंधळात भरच घातली. रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणण्याची प्रथा पडली, वस्तुत: सामन माशाशी रावसाचे कसलेही जवळचे नाते नाही.

म्हणूनच नावावर विसंबून चालत नाही. मद्रास सैन्यदलात शल्यचिकित्सक असलेले आणि पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झालेले फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनीही वर्णनासाठी आधार घेतला तो परांतील काटे, खवल्यांच्या ओळी आणि दातांची ठेवण यांचा. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांची पद्धतही मुळात हीच आहे. आता तिला आनुवंशिक तपासणीची जोड मिळाली आहे, एवढेच.

रंगावर मात्र फार विश्वास ठेवू नये. पाण्यातून काढल्यावर आणि बर्फात ठेवल्यावर माशाचा रंग झपाट्याने उतरतो. टिकून राहतात त्या खुणा आकाराच्या: पाठीवरचे पर किती आणि कसे, छातीचे पर कोठे, पोटाखालचे पर आहेत की नाहीत, शेपटी दुभंगलेली की गोल, अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी पार्श्वरेषा सरळ की वळणाची, खवले मोठे की बारीक, तोंड टोकाला की खाली.

पापलेटाचेच उदाहरण घ्यावे, कारण महाराष्ट्रात त्याच्याइतका मान आणि त्याच्याइतका गोंधळ दुसऱ्या कोणत्या माशाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. २०२३ च्या सप्टेंबरात रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा दर्जा देण्यात आला. त्याची ओळख अशी की, पूर्ण वाढलेल्या पापलेटाला पोटाखालचे पर नसतात. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, तोंड लहान, खवले इतके बारीक की बोट फिरवताच गळून पडावेत. पाठीच्या आणि गुदाच्या पराचा पुढचा भाग कोयत्यासारखा लांब व वाकडा असतो, आणि शेपटी खोल दुभंगलेली, तिची खालची पाकळी वरच्यापेक्षा लांब. याच जातकुळीतील चिनी पापलेटाचे पर रुंद व गोलसर असतात, शेपटीची खाच उथळ असते. दोन्ही शेजारी ठेवले की फरक एका दृष्टिक्षेपात कळतो. यातही शास्त्रज्ञांना अलीकडे एक धक्का बसला. ज्याला शतकाहून अधिक काळ पॅम्पस अर्जेन्टियस म्हटले जात होते, तो आपल्या किनाऱ्यावरचा मासा पॅसिफिक महासागरातील त्या नावाच्या माशाहून वेगळा असून त्याला पॅम्पस कँडिडस हे जुने नाव परत द्यावे, असे आनुवंशिक अभ्यासातून पुढे आले. तेव्हा ओळखीचा घोटाळा केवळ बाजारातच होतो असे नाही.

हलव्याला काळे पापलेट म्हणतात, पण तो पापलेटाचा भाऊ नव्हे. त्याच्या शेपटीच्या मुळाशी, पार्श्वरेषेवर, कठीण खवल्यांची एक धारदार ओळ असते. बोट पुढून मागे नेले तर जाणवत नाही, उलट फिरवले की खरवडते. अशीच, किंबहुना याहून ठळक ओळ काटबांगड्याला असते, आणि हलव्याचे खरे नाते या काटबांगड्याशी आहे. दिसण्यात एवढे अंतर असलेले दोन मासे एका कुळातले असावेत, आणि एका आकाराचे दोन मासे परक्या कुळांतले असावेत, हे निसर्गाचे वैशिष्ट्यच म्हणावयाचे.

घाटावरच्या शहरांत पापलेटाच्या नावाने जे विकले जाते, ते पुष्कळदा समुद्रातले नसतेच. रूपचंद नावाचा गोड्या पाण्यातील, तळ्यांत वाढवलेला मासा आकाराने पापलेटासारखा गोल दिसतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतील. तो खाण्यास वाईट आहे असे नाही, परंतु पापलेटाचा भाव देऊन घेण्याचे कारण नाही. पाठीवरचा पर संपल्यावर शेपटीच्या आधी त्याला मांसल असा एक छोटा जादा पर असतो. पापलेटाला तो कधीच नसतो. पोट लालसर असते, आणि ओठ उचलून पाहिले तर माणसाच्या दाढांसारखे चपटे, भक्कम दात दिसतात. एवढ्या दोन खुणा ज्याला ठाऊक आहेत त्याची फसवणूक होणे कठीण.

सुरमईच्या बाबतीत अंगावरची नक्षीच उपयोगी पडते. मोठी, आडव्या तुकड्यांनी विकली जाणारी सुरमई उभ्या नागमोडी पट्ट्यांची असते, आणि तिची पार्श्वरेषा दुसऱ्या पृष्ठपराच्या खाली एकदम खाली उतरते. दुसरी ठिपक्यांची, तिचे ठिपके ओळींत असतात आणि तिची पार्श्वरेषा हळूहळू वळते. बांगड्याला पाठीच्या दुसऱ्या पराच्या मागे पाच छोटे सुटे पर असतात, तसेच खालच्या बाजूसही पाच, आणि छातीच्या पराखाली एक काळसर डाग. तारलीला मात्र असे सुटे पर नसतात. कल्ल्याच्या मागे सोनेरी ठिपका असतो आणि पोटाची कड कातरल्यासारखी खरखरीत लागते.

रावस आणि दाढा यांची ओळख तर मुलांनाही आवडावी अशी आहे. या माशांच्या छातीच्या पराखाली सुटे, दोऱ्यासारखे तंतू असतात. गढूळ पाण्यात, जेथे डोळ्यांचा उपयोग नसतो, तेथे हे तंतू चाचपण्याचे काम करतात. तंतू मोजावेत : चार असले तर रावस, पाच असले तर दाढा. दोघांचेही नाक पुढे आलेले आणि तोंड त्याच्या खाली असते.

घोळ ओळखणे हा आता लाखांचा प्रश्न झाला आहे. घोळ, कोत, ढोमे हे सारे एका कुळातले. त्यांची पार्श्वरेषा शेपटीच्या मुळाशी न थांबता थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते, आणि डोके फोडले तर कानाच्या जागी पांढरे खडे सापडतात. हवेच्या पिशवीभोवतीच्या स्नायूंनी हे मासे घुर्र असा आवाज काढतात. या पिशवीलाच कोळी लोक भोत म्हणतात, आणि घोळीच्या भोताला परदेशात मोठी मागणी आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या समुद्रात एका नौकेच्या जाळ्यात दीडशेच्या आसपास घोळ एकाच वेळी सापडले आणि त्यांना एक कोटीहून अधिक रुपये मिळाले, ही वार्ता सर्वत्र गाजली. या भावानेच घोळीवरचा ताण वाढविला आहे. पाठीवर आणि परांवर काळे ठिपके असलेला लहान घोळ ढोम्यांच्या टोपलीत ढोम्याच्या भावाने जातो, तेव्हा त्या टोपलीतून काय निसटले हे विकणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही.

मुशी आणि पाकट यांच्या ओळखीत कायदा येतो. या माशांना हाडे नसतात, कूर्चा असते. कल्ल्यांच्या फटी डोक्याच्या बाजूला असल्या तर ती मुशी, खालच्या अंगाला असल्या तर पाकटाच्या कुळातला मासा, हा साधा नियम. त्यामुळे पुढे करवतीसारखी दातेरी सोंड असलेला आणि मागून मुशीसारखा दिसणारा करवत मासा प्रत्यक्षात पाकटांचा नातलग ठरतो. व्हेल शार्क, करवत मासे, समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण मिळाले, आणि २०२२ च्या सुधारणेनंतर संरक्षित मुशी-पाकटांची यादी पुष्कळ वाढली. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. आकाराने देवमाशाएवढा, परंतु शेपटी उभी असते, देवमाशासारखी आडवी नसते. असा प्राणी जाळ्यात आला तर जाळे कापून त्याला सोडावे लागते, आणि जाळे हे मच्छीमाराचे भांडवल असते. या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. भरपाई मागावयाची तर सोडलेल्या प्राण्याचे छायाचित्र हवे, आणि छायाचित्र घेण्याआधी तो प्राणी यादीतला आहे हे ओळखता आले पाहिजे.

धोक्याच्या माशांबद्दल थोडक्यात. पाकटाच्या शेपटीवर दातेरी विषारी काटा असतो. २०१३ च्या सप्टेंबरात गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटांनी दंश केला, तेव्हा मुंबईकरांना या माशाची चांगलीच ओळख झाली. उथळ गढूळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चालावे; चाहूल लागताच पाकट दूर होते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरावा, या विषाची तीव्रता उष्णतेने कमी होते, आणि मग रुग्णालय गाठावे. काटा छातीत वा पोटात रुतला असेल तर तो उपटण्याच्या भानगडीत पडू नये. शिंगाळ्याला तीन दातेरी काटे असतात, एक पाठीवर आणि दोन छातीशी. केंड मात्र पूर्णत: टाळावा. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात असणारे विष शिजवून वा तळून नाहीसे होत नाही, आणि त्यावर उतारा नाही.

आता मुख्य मुद्दा. ओळखीत सर्वांत मोठी चूक होते ती जातीची नव्हे, वयाची. लहान मासा आणि माशाचे पिल्लू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टोपलीत त्या एकसारख्या दिसतात. जवळा हे कोळंबीचे पिल्लू आहे अशी समजूत घरोघरी आढळते. ती खरी नाही. जवळा ही स्वतंत्र जात असून तीन-चार सेंटिमीटरच्या आतच तिची वाढ पूर्ण होते. ती कितीही दिवस समुद्रात राहिली तरी तिची कोळंबी होणार नाही. मांदेलीही तशीच : सोनेरी अंग, पोटाच्या कडेने मोत्यांसारखे ठिपके, शेपटीकडे निमुळता होत जाणारा देह. वीतभर मांदेली म्हणजे पूर्ण वाढीची मांदेली. या माशांना लहान म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही आणि ते खाल्ल्याने पिल्ले खाल्ली असे होत नाही.

तळहाताएवढे पापलेट ही गोष्ट याच्या अगदी उलट. तो लहान जातीचा मासा नव्हे, तो मोठ्या सरंग्याचे बालपण आहे. बाजारात त्याला वेगळे नाव व वेगळा भाव मिळतो, आणि वेगळ्या नावामुळे तो वेगळा मासा वाटू लागतो. एका सरंग्याच्या किमतीत चाळीस पिल्ले मिळतात म्हणून गिऱ्हाईक खूश असते. त्या चाळिसांपैकी एकानेही अंडी घातलेली नसतात. हेच छोट्या सुरमईचे आणि ढोम्यांत मिसळलेल्या घोळीचे.

मोठा मासा पकडावा आणि छोटा सोडावा, इतके म्हणूनही सर्व बाबतींत भागत नाही. जिताडा जन्मतो तो बहुधा नर म्हणून, आणि आयुष्याच्या पुढच्या टप्प्यात मादी होतो. हेकरूचे उलटे, तो मादी म्हणून वाढतो आणि मोठेपणी नर होतो. खाडीतले सगळे मोठे जिताडे काढून घेतले तर मागे उरतात ते नर, आणि खडकांवरचे सगळे मोठे हेकरू काढले तर उरतात त्या माद्या. शिंगाळ्याचा नर तर अंडी तोंडात धरून वाढवितो. त्या काळात तो जाळ्यात आला की अंडी होडीच्या तळाशी सांडतात.

राज्य शासनाने २०२३ मध्ये, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार, ५४ जातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०, सुरमईसाठी ३७० आणि घोळीसाठी ७०० मिलिमीटर आहे. म्हणजे हातभर लांबीचा घोळसुद्धा अद्याप पिल्लूच ठरतो, आणि मोठ्यात मोठ्या मांदेलीपेक्षा तो कितीतरी लांब असतो! जात न ओळखता नुसती लांबी मोजणे निरर्थक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. याआधीपासून १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असतेच.

मच्छीमारांची यावर एक रास्त तक्रार आहे. पालघरपासून रायगडपर्यंत चालणारी डोल ही ओहोटी-भरतीच्या प्रवाहात बांधून ठेवलेली पिशवी. प्रवाह जे आणील ते तिच्यात शिरते, आणि जाळे उचलेपर्यंत त्यातील बहुतेक पिल्ले मेलेली असतात. मेलेले पापलेट मोजून पाण्यात फेकल्याने ना समुद्राचा फायदा, ना होडीवाल्याचा. तक्रार खरी आहे. म्हणून डोलीच्या बाबतीत ओळख उपयोगी पडावयाची ती जाळे टाकण्यापूर्वी, म्हणजे कोणत्या महिन्यात कोणत्या पट्ट्यात पिल्लांचे थवे येतात हे जाणून तेथून जाळे हलविण्यात, आणि खोळीच्या टोकाची आस मोठी ठेवण्यात. पट्टे कोणते, हे सातपाटी, वसई, अर्नाळा येथील जुन्या तांडेलांना तोंडपाठ असते. तथापि डोल हलविणे म्हणजे त्या दिवसाचा बोंबील आणि जवळाही सोडणे. पिल्लांना भाव मिळत राहील तोवर एका होडीने हा तोटा सोसावा आणि शेजारच्या होडीने त्याच जागी जाळे टाकावे, हे फार काळ चालणारे नाही. पापलेटाच्या पिल्लांचा भाव ठरतो तो बंदरावर नव्हे, शहरातल्या ओट्यावर.

त्या ओट्यावर मोजणी करण्यास फारसे साधन लागत नाही. शाळेच्या दप्तरातील पट्टी पंधरा सेंटिमीटरची असते. रुपेरी पापलेटाची ठरलेली लांबी त्या पट्टीपेक्षा दीड सेंटिमीटरने कमी आहे, बोंबलाची तीन सेंटिमीटरने जास्त, आणि सुरमईची अशा दोन पट्ट्या जोडून आणखी सात सेंटिमीटर. घोळीसाठी मात्र पट्टी पुरत नाही. तेथे माशाच्या शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेषा आणि पाठीवरचे काळे ठिपके पाहावेत, आणि टोपलीतल्या बाकीच्या ढोम्यांतून तो वेगळा काढून विकणारणीला दाखवावा.